आई-वडील दुबईला निघालेत? आधी एवढं उरका

मराठवाड्यातली कितीतरी पोरं आज दुबई-शारजात नोकरीला आहेत, आणि एकदा तरी आई-वडिलांना तिकडं न्यावं असं त्यांना वाटतंच. त्यांना एकच सांगणं: तिकीट काढायच्या आधी कागदं काढा. आपल्याकडच्या बायांचं नाव कागदागणिक बदलतं. आधारवर गयाबाई, बँकेत गया, शाळेच्या टीसीवर माहेरचं आडनाव. पासपोर्टचा अर्ज भरण्याआधी आधार आणि पॅनवरचं नाव एकसारखं करून घ्या, आडनावाचा रकाना रिकामा ठेवू नका. एकाच शब्दाच्या नावावर व्हिजिट व्हिसा देताना यूएईने (दुबई-शारजा ज्या देशात येतात त्या संयुक्त अरब अमिरातीने) नोव्हेंबर २०२२ पासून हात आखडता घेतलाय. पासपोर्ट आधीचा असेल तर त्याची मुदत किमान सहा महिने उरलेली हवी. दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर ईसीआर, म्हणजे परदेशात नोकरीला जाण्याआधी सरकारी परवानगी लागण्याची नोंद, येते, पण पन्नाशी ओलांडलेल्यांना त्यातून सूट आहे. परतीचं तिकीट, व्हिसाची प्रिंट आणि मुलाच्या एमिरेट्स आयडीची (तिथल्या ओळखपत्राची) झेरॉक्स आईच्या पर्समध्येच असू द्या.

आता औषधं. इथं मात्र घाई नको. शुगरमुळे पायांची आग होते म्हणून डॉक्टर प्रीगाबालिन देतात, गुडघ्यांसाठी ट्रामाडॉल, खोकल्याला कोडीनचं सिरप. या तिन्हींवर यूएईत नियंत्रण आहे. गोळ्यांच्या पाकिटामागची बारीक अक्षरं भिंग घेऊन वाचा, कारण दोन औषधं एकत्र असलेल्या गोळीत ही नावं दुसऱ्या क्रमांकावर दडलेली असतात. सापडलं तर डॉक्टरांना पर्याय विचारा, नाहीतर तिथल्या सरकारची ऑनलाइन परवानगी आधीच घ्या. बाकीची औषधं मूळ पाकिटातच, इंग्रजीत टाइप केलेल्या चिठ्ठीसह, हातातल्या बॅगेत. इन्सुलिन तर खालच्या सामानात अजिबात टाकू नका, गोठून वाया जाऊ शकतं. प्रवास विमा काढताना बीपी, शुगर लपवू नका, पुढं दावा नाकारला जातो.

आणि खसखस! लेकरासाठी आई अनारसे करणारच, डिंकाचे लाडू वळणारच, डब्यात काळा मसाला भरणारच. पण यूएईत खसखस अमली पदार्थांत मोडते, अनारशाला चिकटलेले दाणेसुद्धा. तिला रागावू नका, पीठ भिजवायच्या आधी सांगा. बिनखसखशीचे लाडू तितकेच गोड लागतात.

पैशांचं त्यामानानं सोपं. सोयाबीनचे रोख पैसे घेऊन थेट चलन घ्यायला जाऊ नका, ५० हजारांपुढची रक्कम चेकने किंवा खात्यातूनच द्यावी लागते, शिवाय पॅन लागतं. थोडे दिरहम जवळ, बाकी फॉरेक्स कार्डावर, म्हणजे आधीच परकीय चलन भरून ठेवलेल्या कार्डावर. डेबिट कार्ड न्यायचं असेल तर परदेशातला वापर बँकेतून सुरू करून घ्या, तो बंदच असतो. वडिलांच्या सिमवर रोमिंगही हवं, नाहीतर ओटीपी येणार नाही. दुकानातलं मशीन रुपये की दिरहम असं विचारेल तेव्हा दिरहम निवडा, रुपयांत दर महाग पडतो.

विमान मुंबईहून असेल तर आदल्या दिवशीच मुंबई गाठा. देवगिरी आणि नंदीग्राम एक्स्प्रेसची तिकिटं व्हिसा आला की लगेच काढा.