जानेवारीत कढीपत्त्याला पाणी घालू नका: न्यू जर्सीत नवीन आलेल्यांसाठी

जानेवारी उजाडला की मला फोन यायला लागतात. नुकतंच इथे आलेलं एखादं जोडपं असतं. "ताई, कढीपत्त्याची सगळी पानं गळली हो. रोज पाणी घालतोय तरी." ते 'रोज पाणी घालतोय' ऐकलं की माझ्या पोटात कालवतं. म्हणून हे एकदाच सविस्तर लिहून ठेवते.

मला एडिसनला येऊन २१ वर्षं झाली. "ओक ट्री रोडवर सगळं मिळतं, कुंड्यांचा पसारा कशाला?" असं, इथल्या देशी दुकानांच्या त्या रस्त्याबद्दल, तुम्हाला पहिल्याच महिन्यात कुणीतरी सांगेल. मिळतं, खरं आहे. पण पोह्यांना पानं लागतात सात-आठ, आणि आणलेली पुडी फ्रीजमध्ये काळी पडते. फोडणीत टाकायला हात लांब करून खुडलेल्या पानाचा वास पुडीतल्या पानाला येत नाही.

आधी माती. दुकानात सगळ्यात स्वस्त पिशवी 'टॉपसॉइल'ची असते आणि नवीन माणूस नेमकी तीच उचलतो. ती जमिनीवर पसरायची माती आहे. कुंडीत ती दोन महिन्यांत विटेसारखी घट्ट बसते, पाणी वरच साचतं. 'पॉटिंग मिक्स' लिहिलेलीच पिशवी घ्या, आणि कढीपत्त्यासाठी त्यात मूठ-दोन मूठ परलाइट, म्हणजे माती मोकळी ठेवणारे हलके पांढरे दाणे, मिसळा. कुंडीला तळाशी भोक हवंच.

सोप्यापासून सुरुवात करा. स्वयंपाकघरातली मेथी रात्रभर भिजवून उथळ ट्रेमध्ये पेरली की महिन्याभरात भाजी होते. पुदिन्याच्या जुडीतल्या दोन काड्या पाण्यात ठेवा, मुळं फुटतात. मात्र त्याला वेगळी कुंडी द्या, तो शेजाऱ्याला जगू देत नाही. गवती चहासाठी व्हिएतनामी किंवा चिनी दुकानातून बुडखा शाबूत असलेल्या काड्या आणून पाण्यात ठेवा. भज्यांचा पानओवा नर्सरीत विचारलात तर कुणाला कळणार नाही, 'क्यूबन ओरेगॅनो' म्हणा.

कोथिंबिरीवर लोक उगाच चिडतात. धणे लाटण्याने हलके रगडून दोन फाकी करा, रात्रभर भिजवा आणि जिथे वाढवायची तिथेच पेरा, रोप उपटून दुसरीकडे लावलेलं तिला सोसत नाही. जुलैच्या उन्हात ती फुलावर जाते, त्यात तुमची चूक काही नसते. एप्रिलमध्ये एकदा आणि ऑगस्टच्या शेवटी पुन्हा पेरा.

तुळशीबद्दल एवढंच, की सुपरमार्केटमधलं बेझिल म्हणजे आपली तुळस नव्हे. 'होली बेसिल' नावाचं बी घ्या, ते मातीत पुरू नका, वर भुरभुरून हलकं दाबा. मंजिऱ्या खुडत राहा. थंडीत ती गेली तर अपशकुन मानून रडू नका. इथल्या हवेत बाहेर ती एका उन्हाळ्याचीच सोबतीण आहे, दर वसंतात बी पेरायचं.

आता कढीपत्ता.

माझं पहिलं रोप एका तमिळ शेजारणीने दिलं, मी न मागता. सहा वर्षांत ते माझ्या खांद्याला आलं होतं. एका जानेवारीत त्याची पानं पिवळी पडून गळायला लागली. मला वाटलं, हीटरमुळे कोरडं पडतंय. रोज तांब्याभर पाणी घातलं, वर खतही घातलं. मार्चमध्ये खोड बोटाने दाबलं तर मऊ लागलं. कुंडी उपडी केली तेव्हा मुळं काळी होऊन कुजली होती, आंबूस वास येत होता. त्या दिवशी मी जेवले नाही.

झाड तहानलेलं नव्हतं, झोपलेलं होतं. डिसेंबरात इथला दिवस साडेनऊ तासांचाही नसतो. एवढ्या उजेडात कढीपत्ता वाढ थांबवतो, पानं टाकतो आणि मुळं पाणी ओढत नाहीत. मग घातलेलं पाणी तिथेच राहतं आणि मुळं कुजतात. नखाने खोडाची साल जराशी खरवडा. आत हिरवं दिसलं तर झाड जिवंत आहे. बोट दोन इंच मातीत घाला, तिथेही कोरडं लागलं तरच थोडं पाणी, तेही दोन-तीन आठवड्यांनी. खत मार्चपर्यंत नाही. पानं गळाली म्हणून पाणी नाही, पाहुणे म्हणाले म्हणूनही नाही. गावाला जाताना शेजाऱ्याकडे चावी दिलीत तर त्यालाही हे बजावून सांगा.

आणि ताक. आपल्याकडे अंगणातल्या झाडाला आंबट ताक घालतात, तिथे ते चालतं. इथे बंद घरातल्या कुंडीत ताक ओतलं की बारीक चिलटं घरभर होतात.

बाहेर कधी काढायचं? मदर्स डे, म्हणजे मेचा दुसरा रविवार, उलटल्यावर. अक्षय्य तृतीयेच्या मुहूर्तावर काढू नका, एप्रिलमधलं ऊन फसवं असतं आणि रात्री दहिवर गोठतं. पहिला आठवडा सावलीत ठेवा, नाहीतर खिडकीत वाढलेली पानं उन्हाने भाजतात. रात्रीचा पारा ५० फॅरनहाइटच्या, म्हणजे १० सेल्सिअसच्या खाली जायला लागला की आत. साधारण पितृपक्षात तयारीला लागा. आत घेण्याआधी पानांची खालची बाजू आणि खोड साबणाच्या पाण्याने पुसा, चिकट खवले कीड तिथेच लपते. जागा दक्षिणेच्या खिडकीत, हीटरच्या झोताबाहेर. पानं सुटी ओरबाडू नका, शेंड्याकडची डहाळी कापा म्हणजे बाजूने फुटवे येतात.

भारतातून येताना सामानात कढीपत्ता आणू नका, ताजी पानंही नाहीत. यावर मी कुणाचंच ऐकून घेत नाही. कढीपत्ता लिंबू-संत्र्याच्याच कुळातला. फ्लोरिडात २००५ साली 'सिट्रस ग्रीनिंग' रोग सापडला आणि तिथल्या संत्र्याच्या बागांचे फार हाल झाले. तो पसरवणारा सायलिड नावाचा किडा कढीपत्त्यावरही जगतो. म्हणून फ्लोरिडाला फिरायला गेलात तर तिथलं रोपही गाडीत घालून आणू नका. आईने पुडीत बांधून दिलेलं बीसुद्धा कागदपत्रांशिवाय चालत नाही. विमानतळावर विचारलं तर जे आहे ते खरं सांगा. लपवलं तर दंड होतो.

आपल्या लोकांची एक गोष्ट मला खुपते. दारात दहा वर्षांचं झाड, बुडाशी पाच फुटवे, आणि नवीन मुलीने एक मागितला तर "बघू" म्हणतात. इथले गोरे लोक आपल्याला कोरडे वाटतात, पण बागेच्या बाबतीत त्यांच्याइतका मोकळा हात मी पाहिला नाही. रटगर्स विद्यापीठाचे 'मास्टर गार्डनर' स्वयंसेवक आपल्या मिडलसेक्स काउंटीतही आहेत, त्यांच्या मदतीच्या फोनला पैसे पडत नाहीत. खवले कीड मला त्यांनीच ओळखायला शिकवली.

माझ्या झाडाच्या बुडाशी यंदा चार फुटवे आहेत. मे संपताना मुळासकट काढीन. ज्यांना हवेत त्यांनी भोकाची कुंडी आणि पॉटिंग मिक्स घेऊन यावं. टॉपसॉइल आणलंत तर परत पाठवीन.