मांडवाचं बिल मागा

तीन वर्षांपूर्वी एक केंद्रीय मंत्री सोलापुरात येऊन गेले. सकाळी अकराला सरकारी उद्घाटन, दुपारी तीनला त्याच मैदानावर, त्याच मांडवात पक्षाचा मेळावा. मधल्या वेळात फक्त मागचा फलक बदलला. खुर्च्या त्याच, भोंगे तेच, जनरेटरही तोच. आमचं घर समोरच्या गल्लीत, त्यामुळे गच्चीवरून सगळं दिसत होतं. संध्याकाळी मांडववाल्याचा पोरगा पाणी मागायला आला. मी विचारलं, "बाळा, ह्याचे पैसे कोण देणार?" तो म्हणाला, "सरकारी बिल हाय, आक्का."

त्या एका वाक्यामुळे मी या कामाला लागले. दिल्लीतल्या माणसाला सोलापुरातून जाब कसा विचारायचा, असं पूर्व भागातली पोरं मला अजून विचारतात. गेल्या तीन वर्षांत जे शिकले, ते त्यांच्यासाठी लिहिते आहे.

मी 31 वर्षं पोस्टात काउंटरवर होते. 12 ऑक्टोबर 2005 ला माहिती अधिकार कायदा लागू झाला आणि दहा रुपयांच्या पोस्टल ऑर्डरसाठी माझ्यापुढे रांग लागायला लागली. अर्ज कसा करतात हे मला पाठ होतं. तरी स्वतःचा पहिला अर्ज मी चुकीचाच लिहिला. "मंत्र्यांनी जनतेच्या पैशानं पक्षाचा मेळावा का घेतला?" असा माझा प्रश्न होता. एकोणतिसाव्या दिवशी दोन ओळींचं उत्तर आलं: असा प्रश्न 'माहिती'च्या व्याख्येत बसत नाही. राग आला, पण कायद्यानं ते बरोबर होतं. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठानं 2008 सालीच सांगितलंय की 'का' याचं उत्तर या कायद्याखाली मागता येत नाही. दप्तरात असलेला कागद मागता येतो.

म्हणून पहिली गोष्ट हीच. आरोप करू नका, कागद मागा. तोही एका दिवसाचा, एका खर्चाचा.

हे मी सांगते त्याला मोठा दाखला आहे. 12 जून 1975 ला अलाहाबाद उच्च न्यायालयाचे न्या. जगमोहनलाल सिन्हा यांनी इंदिरा गांधींची रायबरेलीची 1971 ची निवडणूक रद्द केली. कशावरून? त्यांच्या सभांचे मंच उत्तर प्रदेश सरकारच्या अधिकाऱ्यांनी उभारून दिले, भोंग्यांना वीज त्यांनीच पुरवली, आणि यशपाल कपूर हे राजपत्रित अधिकारी सरकारी नोकरीत असतानाच त्यांचं निवडणुकीचं काम करत होते, एवढ्यावरून. त्यांच्याविरुद्ध उभे राहून हरलेले राज नारायण यांनी इतरही आरोप केले होते, ते टिकले नाहीत. मंचाचा टिकला, कारण मंचाला तारीख असते, ठिकाण असतं, बांधणारं खातं असतं.

तेव्हा मी तेरा वर्षांची होते. वडील गिरणीत जॉबर. 26 जूनच्या सकाळी, आणीबाणी जाहीर झाली तेव्हा, ते रात्रपाळी करून आले आणि रेडिओपुढे बसले, ते चहा गार झाला तरी उठले नाहीत. पुढे सरकारनं निवडणुकीचा कायदाच मागल्या तारखेपासून बदलला. सरकारी नोकरानं कर्तव्य म्हणून केलेली व्यवस्था भ्रष्ट मार्गात धरू नये, असं त्यात घातलं. त्या बदललेल्या कायद्याच्या आधारे नोव्हेंबर 1975 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं इंदिरा गांधींची निवड कायम ठेवली. पण पंतप्रधानांच्या निवडणुकीचा वाद न्यायालयांच्या हाताबाहेर काढणारं घटनादुरुस्तीतलं कलम त्याच निकालात रद्द झालं. आणि मार्च 1977 मध्ये त्याच रायबरेलीत राज नारायण यांनीच त्यांना 55 हजारांहून जास्त मतांनी हरवलं. एक कागद बाहेर आला की लगेच काम होत नाही. पण तो कागद पुसताही येत नाही.

आता अर्ज. केंद्राच्या मंत्रालयाकडे जायचं असेल तर केंद्राच्या आरटीआय पोर्टलवर दहा रुपये भरून घरबसल्या होतो, मजकूर 3000 अक्षरांत बसवायचा. ज्यांना ऑनलाइन जमत नाही त्यांनी हेड पोस्टात जावं. केंद्राच्या कुठल्याही खात्याचा अर्ज तिथे घेतात आणि पुढे पाठवतात, फक्त मुदतीत पाच दिवस वाढतात. पोस्टल ऑर्डर 'अकाउंट्स ऑफिसर' यांच्या नावे करा, वर दोन तिरक्या रेघा मारा, नंबर अर्जात लिहा आणि काउंटरफॉइल फाडून घरी ठेवा. काउंटरफॉइल हरवलेली माणसं मी रोज बघायची. ऑर्डर मिळालीच नाही असं उत्तर आलं की त्यांच्याजवळ दाखवायला काही नसायचं. टपालानं थेट पाठवायचं तर स्पीड पोस्टच करा. रजिस्टर्ड 2025 मध्ये त्यातच विलीन झालं आहे. पोहोचल्याचा ऑनलाइन शेरा छापून अर्जाला टाचा, कारण 30 दिवस तिथून मोजायचे असतात.

राज्याच्या खात्याचा अर्ज वेगळा. त्याला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो, विषय एकच हवा आणि मजकूर 150 शब्दांत. हे महत्त्वाचं आहे, कारण मंत्री दिल्लीचा असला तरी मांडव, बॅरिकेड, गाड्या ही सोय बहुतेक राज्याच्या खात्यांनी केलेली असते. दिल्लीला विचारलंत तर "हे आमच्याकडे नाही" असं येईल. कायद्यानं त्यांनी पाच दिवसांत योग्य खात्याकडे अर्ज वर्ग करायचा असतो, पण आपणच दार नीट शोधलं तर महिना वाचतो.

माझा दुसरा अर्ज असा होता, तसाच उतरवून घ्या, तारीख आणि ठिकाण तुमचं घाला:

"दिनांक अमुक रोजी अमुक मैदानावर झालेल्या कार्यक्रमासंबंधी पुढील कागदपत्रांच्या प्रती द्याव्यात. एक, मा. मंत्री महोदयांचा दौरा कार्यक्रम. दोन, मंडप, मंच, ध्वनिक्षेपक व जनरेटरचा कार्यारंभ आदेश. तीन, त्याची देयके व मोजमाप पुस्तिकेतील संबंधित पाने. चार, सदर मैदान व मंडप त्याच दिवशी अन्य कोणास वापरण्यास दिल्याची परवानगी व त्यापोटी जमा झालेल्या रकमेची पावती."

चौथा मुद्दा जीव आहे. पावती असेल तर प्रश्न मिटला. नसेल तर "अशी नोंद अभिलेखावर नाही" असं सही-शिक्क्यानिशी लिहून यावं लागतं, आणि ते उत्तर हाच पुरावा. दौरा कार्यक्रमही नीट वाचा. त्यात कुठला वेळ शासकीय आणि कुठला 'राखीव' हे लिहिलेलं असतं. माणसं आणायला एसटी लावल्या असतील तर महामंडळाकडे स्वतंत्र अर्ज करा. त्यांचा शब्द 'प्रासंगिक करार'. त्या तारखेला कुठल्या आगारातून किती गाड्या प्रासंगिक करारावर दिल्या आणि पैसे कोणी भरले, एवढंच मागा. पक्षाकडे अर्ज करण्यात वेळ घालवू नका. केंद्रीय माहिती आयोगानं 2013 मध्ये सहा राष्ट्रीय पक्षांना या कायद्याखाली आणलं, पण पक्षांनी तो आदेश पाळलाच नाही. सरकारच्या बाजूचा कागद धरा.

मला 14 पानं मिळाली, दोन रुपये पानाप्रमाणे 28 रुपयांत. मांडवाचं बिल पूर्ण दिवसाचं होतं, सगळं सरकारी खात्यावर. चौथ्या मुद्द्यापुढे लिहिलं होतं: नोंद आढळून येत नाही. ते पान हातात घेऊन मी बराच वेळ ओट्यावर बसून होते.

उत्तर आलं नाही किंवा अर्धवट आलं तर 30 दिवसांत पहिलं अपील त्याच खात्यातल्या वरिष्ठाकडे करायचं. केंद्रात त्याला फी नाही, राज्यात वीस रुपयांचा स्टॅम्प. त्यावरही समाधान नाही तर 90 दिवसांत दुसरं अपील माहिती आयोगाकडे. दोषी माहिती अधिकाऱ्याला दिवसाला 250 रुपये, जास्तीत जास्त 25,000 रुपये दंड होऊ शकतो. दंडासाठी भांडू नका. आपल्याला त्या कारकुनाचा पगार कापायचा नाही, कागद हवा आहे. मी स्वतः काउंटरच्या आत बसलेली बाई आहे. वरून दडपण असलेल्या माणसाचा चेहरा मला ओळखू येतो.

कागद मिळाल्यावर पुढे काय? इथे बरेच जण थांबतात, व्हॉट्सॲपवर फोटो टाकतात आणि दोन दिवसांत विषय संपतो. मी तसं केलं नाही. कागदांचा संच आणि एक पानाचं पत्र घेऊन खासदारांच्या कार्यालयात गेले. आपले खासदार ऐकत नसतील तर दुसरे गाठा. महाराष्ट्रातून लोकसभेत 48 आणि राज्यसभेत 19 जण आहेत, कुणीही प्रश्न विचारू शकतो. त्यांना निवेदन देऊ नका, तयार प्रश्न द्या: एका मुद्द्याचा, दीडशे शब्दांच्या आत, आकडा मागणारा. अधिवेशनाच्या बऱ्याच आधी द्या, कारण प्रश्नाची सूचना पंधरा दिवस आधी लागते. अतारांकित प्रश्नाला लेखी उत्तर मिळतं आणि ते संसदेच्या संकेतस्थळावर कायम राहतं. "माहिती गोळा केली जात आहे" असं मंत्र्यानं उत्तर दिलं तर ते आश्वासन ठरतं. ते तीन महिन्यांत पुरं करायचं असतं आणि त्यावर शासकीय आश्वासन समिती लक्ष ठेवते. ही समिती कुणाला माहीत नसते. खासदारांच्या स्वीय सहायकालाही मीच समजावून सांगितलं.

दुसरी प्रत मुंबईच्या महालेखाकार कार्यालयाला पाठवली. कॅगचे, म्हणजे सरकारी हिशेब तपासणाऱ्या महालेखापरीक्षकांचे, लेखापरीक्षक खात्याच्या तपासणीला येतात तेव्हा कुठला व्हाउचर उघडायचा हे त्यांना कुणीतरी सांगितलेलं बरं. व्हाउचर नंबर आणि तारीख लिहा, भावना लिहू नका. कॅगचे अहवाल संसदेत गेल्यावर लोकलेखा समितीपुढे येतात. 1967 पासून तिचं अध्यक्षपद विरोधी पक्षाकडे देण्याचा प्रघात आहे.

लोकपालाबद्दल सगळे विचारतात. कायदा 2013 चा, पहिले लोकपाल नेमले गेले मार्च 2019 मध्ये. तक्रार ठरलेल्या नमुन्यात, प्रतिज्ञापत्रासह करावी लागते. आठव्या अनुसूचीतल्या भाषेतली, म्हणजे मराठीतली तक्रारही ते घेऊ शकतात. पण तिथे फक्त भ्रष्टाचार चालतो, म्हणजे लाच, अपहार, उत्पन्नाबाहेरची संपत्ती. गोष्ट सात वर्षांहून जुनी असेल तर घेत नाहीत. पंतप्रधानांविरुद्ध तक्रार होऊ शकते, पण परराष्ट्र संबंध, सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था, अणुऊर्जा आणि अवकाश हे विषय वगळून, आणि पूर्ण पीठातल्या दोन तृतीयांश सदस्यांनी मान्य केलं तरच चौकशी. तक्रार जाणूनबुजून खोटी ठरली तर एक वर्षापर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड आहे. म्हणून ऐकीव गोष्टीवर तिथे जाऊ नका. माझ्या मांडवाच्या बिलासाठी मी गेले नाही. ते त्या मापाचं नव्हतं.

निवडणुकीच्या दिवसांत मात्र हात जास्त लांब पोचतो. आचारसंहितेत सरकारी गाडी प्रचारात दिसली तर निवडणूक आयोगाच्या सी-व्हिजिल ॲपवरून जागेवरच फोटो काढून टाका, 100 मिनिटांत कारवाई व्हावी अशी ती रचना आहे. जुना फोटो चालत नाही. निकालानंतर 30 दिवसांत प्रत्येक उमेदवाराला खर्चाचा हिशेब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे, म्हणजे आपल्या कलेक्टर कचेरीत द्यावा लागतो आणि तो कुणालाही बघता येतो. लोकसभेला महाराष्ट्रात मर्यादा 95 लाख. मोठ्या नेत्याच्या सभेत उमेदवार मंचावर बसला असेल तर मंचाचा खर्च त्याच्या हिशेबात यायला हवा. सभेचा फोटो आणि हिशेबाचं पान शेजारी ठेवा, डोळ्यांना दिसतंच.

कोर्टाचा रस्ता मी सर्वात शेवटी ठेवते, पण 18 ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं आणि सोलापूर त्यात आहे. मुंबईच्या फेऱ्या गेल्या. वकिलाकडे जाताना आपला पत्रव्यवहार तारखेनं लावून न्या. आधी खात्याकडे दाद मागितली होती का, हे न्यायाधीश पहिल्यांदा बघतात.

एक गोष्ट कळकळीनं सांगते. एकट्यानं करू नका. तळेगावच्या सतीश शेट्टींचा जानेवारी 2010 मध्ये खून झाला, ते जमिनींचे घोटाळे बाहेर काढत होते. आम्ही तिघी आहोत: मी, टॉवेल कारखान्यात हिशेब लिहिणारी एक बाई आणि एक निवृत्त शिक्षिका. एकाच विषयाचे अर्ज तिघींच्या नावानं, वेगवेगळ्या आठवड्यांत जातात. कागदांचे तीन संच तीन घरांत. कुणी "सहज भेटायला" बोलावलं तर तिघी जातो, तेही कार्यालयाच्या वेळेत. फोनवर धमकी आली तर त्याच दिवशी पोलीस ठाण्यात लेखी अर्ज आणि त्याची पोच.

आमची वही साधी दोनशेपानी आहे. तारीख, कुणाला, काय मागितलं, पोच नंबर, मुदत कधी संपते, काय आलं, असे रकाने. मुदतीचा रकाना लाल शाईनं. दर गुरुवारी दुपारी आम्ही ती उघडतो.

मांडवाच्या बिलाचं सांगायचं राहिलं. गेल्या वर्षी खात्यानं कळवलं की अर्ध्या दिवसाची रक्कम संबंधितांकडून वसूल करण्याची कार्यवाही सुरू आहे. मी वसुलीच्या चलनाची प्रत मागितली, आली नाही. पहिल्या अपिलातही आली नाही. दुसऱ्या अपिलाच्या 90 दिवसांपैकी आज 61 वा दिवस आहे. मसुदा झाला आहे, शिक्षिकाबाईंनी शुद्धलेखन तपासलं आहे. सोमवारी स्पीड पोस्टानं जाईल.