रामटेक एका दिवसात कसं पाहावं, गाडी गडावर न चढवता

आमच्या घरी पुण्या-मुंबईकडचा पाहुणा आला की दुसऱ्या दिवशी रामटेक ठरलेलंच असते. इतक्यांदा लोकांना घेऊन गेलो की गडावरची माकडं आता मला चेहऱ्यानं ओळखत असतील. आधी मीही सगळे करतात तेच करायचो, गाडी थेट वरच्या पार्किंगला, रामाचं दर्शन, दोन फोटो, खिंडसी तलावावर बोटिंग आणि घरी, दोन-अडीच तासात रामटेक खतम. मग एकदा पाहुण्या आलेल्या मावशींनी पार्किंगजवळच्या एका जुन्या बैठ्या दगडी देवळाकडं बोट दाखवून विचारलं, हे कोणाचं आहे हो? मला सांगता नाही आलं. जन्म इथं गेला आणि सांगता येऊ नये म्हणजे लाजच वाटली बाप्पा. तेव्हापासून क्रम बदलला: आधी राणी, मग नरसिंह, मग राम. तो क्रमच सांगून राहिलो आता.

जायचं कधी? एप्रिल-मे मध्ये चुकूनही नको, पारा ४५ ला टेकते आणि गडाचा दगड असा तापते की अनवाणी चालणं म्हणजे शिक्षा. जुलै ते सप्टेंबर उत्तम, नाहीतर हिवाळा. गर्दी चालत असेल तर कार्तिकातली त्रिपुरी पौर्णिमा, मोठी यात्रा भरते, रात्री गडावर त्रिपुर पेटवतात. शांतपणे पाहायचं असेल तर तो दिवस आणि रामनवमी दोन्ही टाळा.

नागपूरहून अंतर साधारण ५० किलोमीटर. जबलपूर हायवेनं कामठी, कन्हान करत मनसरपर्यंत या, तिथून उजवीकडं वळलं की रामटेक. नागपूरहून एसटी आहे, इतवारीहून पॅसेंजर गाडीही आहे, पण दिवसभर फिरायचं तर स्वतःची गाडी किंवा रामटेकच्या स्टँडवरून ऑटो ठरवलेला बरा. भाव आधीच बोलून घ्या, "तुम्हीच पाहून द्या ना भाऊ" या वाक्याला भुलू नका. सकाळी निघताना तर्री-पोहे पोटात टाकाच, कारण गड चढायचा आहे.

सगळ्यात आधी रामटेकला नाही, नगरधनला जायचं. रामटेकहून दक्षिणेला सहा-सात किलोमीटर. लोक याला भोसल्यांचा किल्ला म्हणून पाहतात, तट-बुरूज खरंच छान आहेत, आत विहिरीजवळ जमिनीखाली देवीचं ठाणं आहे, पोरांना ते फार आवडते. पण खरी गोष्ट मातीखाली आहे. हे नगरधन म्हणजे वाकाटक या जुन्या राजघराण्याची राजधानी नंदिवर्धन. गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी प्रभावतीगुप्ता इथल्या दुसऱ्या रुद्रसेनाला दिली होती, नवरा लवकर गेला, पोरं लहान, तर चौथ्या शतकाच्या शेवटी या बाईनं कारभार स्वतः हातात घेतला. इथल्या अलीकडच्या उत्खननात तिच्या नावाची मातीची मुद्रा सापडली, त्यावर शंख आहे. आजूबाजूला धानाच्या बांध्या आणि म्हशी पाहून कोणाला वाटणार नाही की ही राजधानी होती, पण अर्धा तास तटावर बसा, समोर रामटेकचा डोंगर दिसते. प्रभावतीच्या एका ताम्रपटात, अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला सापडलेल्या, तो दानलेख रामगिरीच्या स्वामीच्या पायापासून दिला असं लिहिलं आहे. आणि रामगिरी म्हणजे बहुतेक अभ्यासकांच्या मते हाच समोरचा डोंगर. नगरधन आधी का पाहायचं ते इथं कळते.

आता रामटेक. गाडी गावातून पुढं नेऊन अंबाळा तलावापाशी लावा, वर नको. तलावाभोवती घाट आणि जुनी देवळं आहेत, दशक्रियेला, अस्थी विसर्जनाला लोक इथं येतात, त्यामुळं कॅमेरा काढताना जरा पाहून काढा, कोणाचं दुःख चालू असते. तलावापासून दगडी पायऱ्या वर जातात. चढ दमवते, गुडघे दुखणाऱ्यांना गाडीनं वर पाठवा आणि वर भेटायचं ठरवा, आमची आई तसंच करते आणि आमच्या आधी पोचून आम्हालाच हसते. पाणी बाटलीत घ्या पण खायची पिशवी हातात लटकवू नका. माकडं पिशवीचा आवाज ओळखतात. माझ्या साळ्याच्या हातातून चिवड्याचं पाकीट असं गेलं की त्याला वळून पाहीपर्यंत उघडून झालं होतं.

या वाटेनं चढायचा फायदा हा की माथ्यावर पोचता पोचता नरसिंह आधी लागतात. केवल नरसिंह आणि रुद्र नरसिंह, दोन देवळं, दोन्ही वाकाटकांच्या काळची, म्हणजे पाचव्या शतकातली. बाहेरून अगदी साधी, म्हणूनच लोक समोरून निघून जातात. आत तांबूस दगडाची थोराड मूर्ती, एक गुडघा उभा करून बसलेली, हातात चक्र. मांडीवर हिरण्यकशिपू नाही, शेजारी लक्ष्मी नाही, एकटाच सिंह रुबाबात बसलेला. डोळे अंधाराला सरावेपर्यंत थांबा, मोबाइलचा टॉर्च लगेच मारू नका. केवल नरसिंहात झिजलेला शिलालेख आहे, त्यात प्रभावतीस्वामी या नावाच्या देवाचा उल्लेख येते, म्हणजे राणीच्या नावानं देव. सकाळी नगरधनला जिच्या मुद्रेबद्दल ऐकलं तीच इथं परत भेटते. मला स्वतःला रामटेकमध्ये याच्याहून भारी काही वाटत नाही, कोणी काही म्हणो.

जवळच कालिदास स्मारक आहे, चक्कर मारा. मेघदूतातला यक्ष रामगिरीवर शिक्षा भोगत होता आणि आषाढात त्यानं ढगाला निरोप सांगितला, तो डोंगर हाच असं मानतात. खरं पटायचं तर आषाढातच या, ढग खरंच गडाला घासून जातात.

मग वराह दरवाजा. आत अखंड दगडाचा भलामोठा वराह उभा आहे, त्याच्या पोटाखालून जो निघाला तो पुण्यवान असं म्हणतात. आमचे मामा निम्म्यात अडकले होते, तेव्हापासून घरात पुण्याचा विषय निघाला की सगळे त्यांच्याकडं पाहतात. पुढं सिंगपूर दरवाजा, भैरव दरवाजा, शेवटी गोकुळ दरवाजा. आत आधी लक्ष्मणाचं मंदिर, त्यात यादवकाळचा लेख, आणि मागं राम-सीता. गडावरचं बरंचसं काम नागपूरच्या भोसल्यांनी नीट करवून घेतलं. दर्शन झालं की लगेच उतरू नका, मागच्या बाजूला तटावर जा, खाली अंबाळा आरशासारखा दिसते.

उतरून जेवण. सावजी झेपत असेल तर नागपूरला परतल्यावर, इथं साधं वरण-भात-भाजी-पोळी बरी. दिवाळीच्या आसपास गेलात तर उकडलेले शिंगाडे टोपलीत घेऊन बाया बसलेल्या असतात, घ्याच. आणि वर पान. रामटेकच्या बरई लोकांचे पानमळे जुने आहेत, इथलं कपुरी पान खाऊन पाहा, तिखट लागत नाही.

दुपारी दोन जागा. गडाच्या पायथ्याची कापूर बावडी, कमानींचा ओवरा आणि मधे पाणी, पावसाळ्यानंतर काय दिसते! पण शेवाळ असते, लहान पोरांचा हात सोडू नका. दुसरी शांतिनाथाचं जैन मंदिर, आत सोळाव्या तीर्थंकरांची उंच उभी मूर्ती आहे.

संध्याकाळी खिंडसी. बोटिंग करा नाहीतर नुसतं पाळीवर बसा. उजेड असेपर्यंत निघालात तर परतताना मनसरला थांबता येते. तिथं हिडिंबा टेकडीवर उत्खननात विटांचं प्रचंड बांधकाम निघालं, वाकाटक राजा दुसऱ्या प्रवरसेनाचं, म्हणजे प्रभावतीच्या मुलाचं, प्रवरेश्वर मंदिर हेच असं मानतात. मनसरचीच लाल दगडातली शिवाची सुंदर मूर्ती आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. अंधार पडला तर टेकडीवर जाऊ नका, दुसऱ्या फेरीला ठेवा. त्या मावशी दुसऱ्यांदा आल्या तेव्हा आम्ही सुरुवातच मनसरहून केली होती.