ऑइलच्या डब्याची मागची बाजू वाचा : सिंथेटिक ऑइल घेताना या चुका टाळा

सर्व्हिसिंगच्या वेळी मेकॅनिक विचारतो, "साधं टाकू की सिंथेटिक?" आणि आपण म्हणतो, "चांगलं असेल ते टाका." बहुतेक घोळ इथूनच सुरू होतो. इंजिन ऑइलमध्ये 'सगळ्यांत चांगलं' असं काही नसतं. तुमच्या इंजिनाला चालणारं आणि न चालणारं, एवढाच भेद. ग्रेड (५डब्ल्यू-३० सारखे जाडीचे आकडे) आणि स्पेसिफिकेशन (ऑइल कोणत्या मानकात बसतं त्याची खूण) या दोन गोष्टी गाडीच्या मॅन्युअलमध्ये छापलेल्या असतात. ग्रेड डब्याच्या पुढेच मोठ्या अक्षरांत दिसते. स्पेसिफिकेशन मात्र मागे बारीक टायपात शोधावं लागतं, आणि तिथवर फारसं कोणी जात नाही. दोन्ही जुळलं तर कंपनी कोणतीही चालेल. नाही जुळलं तर दुकानातलं सर्वांत महागडं ऑइलही तुमच्या कामाचं नाही.

'फुल्ली सिंथेटिक' वाचून निर्धास्त होणं

एपीआयने, म्हणजे अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटने, बेस ऑइलचे, म्हणजे ज्यात बाकीचे घटक मिसळतात त्या मूळ तेलाचे, पाच गट पाडले आहेत. पहिले तीन कच्च्या तेलापासून शुद्ध करत मिळतात, चौथा म्हणजे रासायनिक प्रक्रियेने घडवलेलं पीएओ (पॉलीअल्फाओलेफिन), आणि पाचव्यात एस्टरसारखं उरलेलं सगळं. तिसऱ्या गटातल्या तेलावर हायड्रोजनची प्रक्रिया इतकी कडक होते की त्याचे गुण चौथ्या गटाच्या जवळ जातात. त्याला सिंथेटिक म्हणावं का, यावर अमेरिकेत दोन बड्या कंपन्यांचं वाजलं होतं. १९९९ मध्ये जाहिरातींच्या तक्रारी ऐकणाऱ्या तिथल्या मंडळाने 'हरकत नाही' असा कौल दिला. तेव्हापासून डब्यावरच्या या दोन शब्दांवरून आत नेमकं काय आहे ते कळत नाही. माझ्या मते त्याने फारसं बिघडतही नाही, कारण तिसऱ्या गटाचं ऑइलही त्याच चाचण्या पास होऊन डब्यात येतं.

सिंथेटिकचे फायदे खरे आहेत. ते थंडीत लवकर वाहतं, तापल्यावर कमी उडतं, घट्ट व्हायला जास्त वेळ घेतं. पण मॅन्युअल एसीईए या युरोपातल्या गाडी उत्पादकांच्या संघटनेचं सी३ स्पेसिफिकेशन मागत असेल आणि तुम्ही ए३/बी४ चं ऑइल आणलंत, तर ते कितीही 'फुल्ली' असलं तरी चुकीचंच.

"ऊन कडक आहे, जाड ऑइल टाका"

५डब्ल्यू-३० मधला डब्ल्यू म्हणजे विंटर. पहिला आकडा ऑइल कडाक्याच्या थंडीत कसं वागतं तेवढंच सांगतो. इंजिन फिरवताना ते किती अडवतं याची चाचणी ०डब्ल्यूसाठी उणे ३५ अंश सेल्सिअसला होते, ५डब्ल्यूसाठी उणे ३० ला, १५डब्ल्यूसाठी उणे २० ला. दुसरा आकडा तापलेल्या ऑइलचा. १०० अंशांवर ३० च्या ग्रेडची व्हिस्कॉसिटी, म्हणजे दाटपणा, ९.३ ते १२.५ सेंटीस्टोक्सच्या दरम्यान असावी लागते, ४० च्या ग्रेडची १२.५ ते १६.३ च्या दरम्यान. म्हणून "०डब्ल्यू पाण्यासारखं पातळ, गरम हवेत टिकणार नाही" हे गॅरेजमध्ये हमखास कानावर पडणारं वाक्य सपशेल चूक आहे. ०डब्ल्यू-४० आणि १५डब्ल्यू-४० तापलेल्या इंजिनात एकाच पट्ट्यात बसतात. फरक दिसतो तो थंड इंजिनाला सेल्फ मारताना.

बाहेरच्या उन्हाचंही तसंच. इंजिन एकदा गरम झालं की थर्मोस्टॅट त्याला साधारण ९० अंशांच्या आसपास धरून ठेवतो. बाहेर २० अंश असोत की ४०, ऑइलला त्याचा फरक वाटतो त्यापेक्षा खूप कमी जाणवतो. काही मॅन्युअलमध्ये बाहेरच्या तापमानानुसार दोन-तीन ग्रेड दिलेल्या असतात. तसा तक्ता असेल तर खुशाल त्यातली जाड ग्रेड निवडा. पण तक्ता नसताना ०डब्ल्यू-२० च्या गाडीत २०डब्ल्यू-५० ओतणं म्हणजे इंजिन बनवणाऱ्यालाच शहाणपण शिकवणं. आजच्या इंजिनात व्हॉल्व्हचं टायमिंग बदलणारी यंत्रणा ऑइलच्या दाबावर चालते आणि ते बारीक रस्त्यांमधून जातं. जाड ऑइल तिथे उशिरा पोचतं. मग सुरू करताना वरून खडखड ऐकू येते, पिकअप मंदावतो आणि मायलेजही थोडं उतरतं.

उलटी चूकही तितकीच महागात पडते. मायलेज वाढेल म्हणून ४० मागणाऱ्या इंजिनात २० भरणारेही भेटतात. १५० अंशांवर, जोराच्या घर्षणात ऑइलचा थर किती टिकतो याची एक वेगळी चाचणी असते. त्यात २० च्या ग्रेडला किमान २.६ मिलिपास्कल-सेकंद लागतात आणि ५डब्ल्यू-४० ला ३.५. हे अंतर बेअरिंगला कळतं, विशेषतः गाडी भरून चढ चढताना.

स्पेसिफिकेशनकडे डोळेझाक

माझ्या मते सगळ्यांत मोठी चूक हीच. ग्रेड जुळली की लोकांना काम झालं असं वाटतं. पण ग्रेड फक्त जाडी सांगते. ऑइलमध्ये कोणते रासायनिक घटक आहेत आणि ते तुमच्या इंजिनाला सोसतील का, हे स्पेसिफिकेशन सांगतं.

एपीआयच्या खुणेत एस ने सुरू होणारी अक्षरं पेट्रोल इंजिनांची, सी ने सुरू होणारी डिझेलची. पेट्रोलमध्ये एसएन २०१० मध्ये आलं, एसपी २०२० मध्ये आणि एसक्यू २०२५ मध्ये. नवी श्रेणी सहसा जुन्या श्रेणीच्या जागी चालते, जुनी नव्याच्या जागी नाही. हा नुसता कागदी नियम नाही. छोट्या टर्बो पेट्रोल इंजिनात, थेट सिलिंडरमध्ये इंधन फवारणारं असेल तर, कमी आरपीएमवर एकदम अॅक्सिलरेटर दाबला की कधी कधी ठिणगी पडायच्या आतच मिश्रण पेटतं. असे दोन-चार जोरदार स्फोटही पिस्टन तोडायला पुरतात. ऑइलमधल्या कॅल्शियमच्या डिटर्जंटचा यात हात असतो हे लक्षात आल्यावर २०१८ च्या एसएन प्लसमध्ये आणि पुढे एसपीमध्ये यासाठी खास चाचणी आली. तेव्हा टर्बो पेट्रोल गाडीत घरात पडून राहिलेलं जुन्या एसएनचं ऑइल संपवायचा मोह आवरा.

डिझेलची गोष्ट वेगळी. सायलेन्सरच्या वाटेवर डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, बसवलेला असेल तर तिथे अडकलेली काजळी ठरावीक वेळाने जाळून टाकली जाते. ऑइलमधल्या धातुयुक्त घटकांची राख मात्र जळत नाही, ती साठतच जाते. म्हणून अशा गाड्यांना कमी राखेचं ऑइल लागतं, एसीईएच्या सी मालिकेतलं. ग्रेड तीच ५डब्ल्यू-३०, डबा मात्र वेगळा. चुकीचा डबा ओतला तर लगेच काहीच होत नाही, आणि हाच खरा धोका आहे. फिल्टर चोंदतो तो कैक हजार किलोमीटरनंतर. तोवर ऑइल कोणतं टाकलं होतं याची कोणाला आठवणही नसते.

तिसरा प्रकार कमी लोकांना माहीत आहे. काही छोट्या टर्बो इंजिनांत टायमिंग बेल्ट ऑइलमध्येच भिजत फिरतो. न जमणाऱ्या ऑइलने, किंवा पेट्रोल मिसळून बिघडलेल्या ऑइलने तो फुगतो, त्याचे कण सुटतात आणि ऑइल पंपाच्या तोंडाशी असलेल्या जाळीत अडकतात. मग इंजिनाला ऑइलच मिळत नाही. तुमच्या गाडीत असा बेल्ट असेल तर मॅन्युअलमधल्या स्पेसिफिकेशनच्या नंबराबाहेर एक पाऊलही टाकू नका.

गाडीच्या कंपनीचं अप्रूव्हल तपासताना शब्दही नीट वाचा. 'अप्रूव्ह्ड' म्हणजे त्या कंपनीने मान्यता दिली. 'अमुक गरज पूर्ण करते' किंवा 'अमुकसाठी योग्य' हा ऑइल विकणाऱ्याचा स्वतःचा दावा. तो खोटाच असतो असं नाही, पण वॉरंटीतल्या गाडीला मी पहिलाच डबा घेईन.

जुन्या गाडीत सिंथेटिक टाकलं की गळतं?

सुरुवातीच्या काळात काही सिंथेटिक ऑइलांचं रबरी सीलशी जमत नसे, तिथून ही भीती आली. आज सिंथेटिकमुळे धड असलेलं सील खराब होत नाही. ते आधीच कडक झालेलं असेल आणि गाळाने तात्पुरतं बुजलेलं असेल, तर तो गाळ धुतला गेल्यावर गळती उघडी पडते, इतकंच. आणि टॉप-अपला दुसऱ्या कंपनीचं, पण त्याच ग्रेडचं आणि स्पेसिफिकेशनचं ऑइल चालतं. ते एकत्र आलं म्हणून दह्यासारखं फाटत नाही.

ओतताना होणाऱ्या चुका

ऑइल बरोबर आणलं आणि काम बिघडवलं, असंही होतं. स्पिन-ऑन (आट्यांवर फिरवून बसवायचा) फिल्टर काढताना त्याची जुनी रबरी रिंग कधी कधी इंजिनालाच चिकटून राहते. काळ्या पृष्ठभागावर काळी रिंग, नुसतं बघून कळत नाही. त्यावर नवा फिल्टर बसला की दोन रिंगा एकावर एक येतात, आणि गाडी सुरू करताच दाबाने ऑइल बाहेर फेकलं जातं. नवा फिल्टर बसवण्याआधी त्या जागेवरून बोट फिरवा, कापडाने पुसा, नव्या रिंगेला ताजं ऑइल लावा आणि फिल्टर हातानेच आवळा. पान्याने जीव खाऊन आवळला तर पुढच्या वेळी तो निघता निघत नाही. ड्रेन प्लगचा वॉशरही दर वेळी नवाच घाला.

माप हा दुसरा मुद्दा. डब्यात उरलं म्हणून सगळं ओतू नका. पातळी फार वर गेली की क्रँकशाफ्ट ऑइल घुसळतो, फेस होतो, आणि फेसाला धड दाब धरता येत नाही. थोडं कमी ओता, गाडी मिनिटभर चालवून बंद करा, सपाट जागी पाच-दहा मिनिटं थांबा आणि मग डिपस्टिक पाहा. दोन खुणांच्या मध्ये वरच्या बाजूला असेल तर ठीक. बऱ्याच गाड्यांत या दोन खुणांमधलं अंतर साधारण एक लिटरचं असतं, त्यावरून अजून किती लागेल याचा अंदाज येतो.

वरून अॅडिटिव्हची बाटली? गरज नाही. ऑइलमध्ये ते सगळं मोजूनमापून आधीच घातलेलं असतं.

सिंथेटिक आहे, मग बदलायची घाई कशाला?

कारण किलोमीटरइतकाच वेळही मोजायचा असतो. रोज दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीचं ऑइल पुरतं तापतच नाही. त्यात पाण्याची वाफ आणि कच्चं इंधन साचत राहतं. मॅन्युअलमध्ये 'सिव्हिअर' वापराचा वेगळा, कमी अंतराचा तक्ता असतो तो याच लोकांसाठी, आणि ट्रॅफिकमध्ये रखडणारेही त्यातच येतात. रंगावर जाऊ नका. डिझेलमध्ये नवं ऑइल थोड्याच वेळात काळं दिसतं, ते काजळी धरून ठेवण्याचं त्याचं काम करतंय म्हणून.

ऑइल बदलल्यावर काही वेगळं जाणवलं तर

लाल ऑइल लाइट चालू गाडीत लागली तर पुढच्या पंपापर्यंत जाऊ म्हणू नका. जागेवर इंजिन बंद करा. फिल्टर बदलल्यावर पहिल्यांदा सुरू करताना ती क्षणभर राहते, तेवढं चालतं. गरम इंजिन आयडलवर असतानाच ती लुकलुकत असेल, तर ऑइल गरजेपेक्षा पातळ आहे, पातळी कमी आहे किंवा पंपाचा नाहीतर सेन्सरचा दोष आहे.

पातळी आपोआप वाढतेय? डीपीएफवाल्या डिझेलमध्ये काजळी जाळण्याची प्रक्रिया वारंवार अर्धवट राहिली की डिझेल ऑइलमध्ये उतरतं. हुंगून पाहा, वास येतो. अशा वेळी वरचं ऑइल काढून भागत नाही, सगळं बदलावं लागतं. झाकणाखाली दुधाळ फेस असेल आणि गाडी फक्त छोट्या फेऱ्या करत असेल तर ती बहुधा नुसती वाफ असते. पण डिपस्टिकवरही तोच रंग दिसला आणि कूलंट कमी होत असेल, तर हेड गास्केट, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाखालचं पॅकिंग, तपासून घ्या.

आणि चुकीचं ऑइल आधीच पडलं असेल तर? ३० च्या जागी ४० गेलं असेल तर गाडी उभी करायची गरज नाही. बेताने चालवा आणि लवकर बदला. डीपीएफच्या गाडीत जास्त राखेचं ऑइल गेलं असेल तर पुढच्या सर्व्हिसची वाट न पाहता काढून टाका. पण इंजिनात चुकून गिअर ऑइल किंवा कूलंट ओतलं गेलं, तर किल्लीला हातच लावू नका. आधी सगळं उपसा, फिल्टरसकट.