या चुका टाळा : फवारे वाढले, तरी वांग्यावरची कीड का हटेना?

जळगावकडे भरताच्या वांग्याचा हंगाम लागला की कृषी केंद्रावर एकच रड ऐकू येते, ‘औषध कामच करत नाही.’ औषधात खोट असेलही, पण बऱ्याचदा किडीला खाणारे किडे आपणच आधी मारून ठेवलेले असतात.

पहिली चूक ओळखण्यातली. पान उलटून बघा. मावा म्हणजे पानाचा रस शोषणारी बारीक कीड; तिच्या गर्दीत काळपट, केशरी ठिपक्यांची, छोट्या सुसरीसारखी अळी फिरताना दिसली की लोक लगेच पंप पाठीला लावतात. ती ढालकिड्याची (लेडीबर्डची) अळी, आणि ती मावाच खात असते. केसासारख्या देठाच्या टोकावर अंडं दिसलं तर ते क्रायसोपा या मित्रकिड्याचं. फुगून तपकिरी पडलेला, पानाला चिकटलेला मावा म्हणजे त्याच्या पोटात परजीवी माशी वाढते आहे. असा मावा बराच दिसला, तर मी तरी चार दिवस पंपाला हात लावणार नाही.

दुसरी चूक खिशाला जास्त लागते. सायपरमेथ्रिन, लॅम्डा सायहॅलोथ्रिन या कीटकनाशकांनी अळी पटापट पडते, म्हणून तेच पुन्हापुन्हा मारलं जातं. त्यात पानाचा रस शोषणाऱ्या बारीक लाल कोळ्याला खाणारे मित्रकोळी मरतात, लाल कोळी मात्र तगतो आणि मोकाट वाढतो. पानं फिकट ठिपक्यांनी भरली की वर कोळीनाशकाचा खर्च. शेंडा-फळ पोखरणारी अळी तर आतच, तिथवर फवारा पोचत नाही. त्यापेक्षा मरगळलेले शेंडे अळीसकट खुडून नष्ट करा, मादीच्या वासाने नर पतंग पकडणारे कामगंध सापळे लावा.

ट्रायकोकार्ड, म्हणजे किडीची अंडी मारणाऱ्या परजीवी माश्यांचं कार्ड, लावून दुसऱ्याच दिवशी फवारणी करणारेही आहेत. बाहेर येणाऱ्या माश्या त्यातच मरतात, कार्डाचे पैसे पाण्यात.

काकडी, कारली, गिलकी फुलावर असताना सकाळी फवारू नका. तेव्हा मधमाश्या फुलांवर असतात. दिवस कलल्यावर फवारा. दोडका मात्र संध्याकाळी उमलतो, तिथे वेळ उलटी धरा.

आणि डब्यावरच्या हिरव्या-निळ्या त्रिकोणावर विसंबू नका. तो रंग माणसाला आणि जनावराला किती विषारी एवढंच सांगतो. स्पिनोसॅडसारखं, माणसाला तुलनेने सौम्य असलेलं औषधही ओलं असेपर्यंत मधमाशीला मारतं. त्रिकोणापेक्षा डब्यासोबतच्या पत्रकातली मधमाश्यांची सूचना वाचा. अक्षर बारीक असतं, चष्मा लावून वाचा.