हूडची शेवटची पट्टी घाईत मारू नका

जुन्या उघड्या गाडीला नवीन हूड, म्हणजे घडीचं कापडी छप्पर, चढवलं की सांगाड्याच्या मागच्या कमानीवर स्टेपलरच्या पिनांची रांग उघडी दिसते. ती झाकायला दुमडीची बीडिंग, म्हणजे झाकपट्टी, येते: मधोमध खाच, दोन्ही बाजूंना ओठ. खाचेत पिना मारायच्या आणि ओठ मिटायचे. दिसायला सोपं, पण पुण्याच्या पावसात हूड गळतं ते बहुतेक इथेच.

आधी हूड ताणून, बंद करून एक दिवस उन्हात ठेवा. रेक्झिन सैल पडलं तर पुन्हा ताणता येतं; बीडिंग बसल्यावर सगळं उसवावं लागतं.

बीडिंग अखंड घ्या, दोन्हीकडे बोटभर जास्त. कमानीचा मध्य खडूने आखा, पहिली पिन तिथे, मग एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. पट्टी ओढू मात्र नका. ओढलेली पट्टी पुढे आखडते आणि टोकाशी फट पडते. पिना स्टेनलेस स्टीलच्याच हव्यात. साध्या पिना गंजल्या की फिक्या कापडावर तांबूस ओघळ उतरतात, ते धुऊन जात नाहीत. नाना पेठेत सुटे भाग घ्यायला जाल तेव्हा लोहचुंबकावर भरवसा ठेवू नका, काही स्टेनलेसही चिकटतं. पाकिटावरचं वाचूनच घ्या.

ओठ मिटताना लोखंडी हातोडी नको, अंगठ्याने दाबत जा आणि वरून रबरी हातोड्याची हलकी थाप द्या. टोकाची धातूची टोपी बसवताना स्क्रूच्या भोकात सीलंटचा थेंब सोडा. पाणी तिथूनच आत शिरतं.