दोन सरकारी यंत्रणा एकत्र करताय? या चुका टाळा

1 एप्रिल 2022 पासून केंद्राने डीआरडीए, म्हणजे जिल्हा ग्रामीण विकास यंत्रणा, हिची प्रशासन योजना बंद केली आणि ही यंत्रणा जिल्हा परिषदेत सामावून घ्यायला सांगितलं, तेव्हापासून मला फोन येतात, काका विलीनीकरणाचा फॉरमॅट असेल तर पाठवा. मी आधी एकच विचारतो, जुन्या ऑफिसचं लोकांना देणं किती बाकी आहे? टेबलं-कपाटं किती ते लगेच सांगतात, देणं कोणालाच सांगता येत नाही.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे बँक खाती घाईघाईनं एक करणं. मी लेखापाल होतो तेव्हाची गोष्ट, दोन ऑफिसं एक करायची होती आणि वरून निरोप आला की 31 मार्चच्या आत एकच खातं दिसलं पाहिजे. खाती सहा होती. बँकेत जेवढी शिल्लक दिसली तेवढी सगळी नव्या खात्यात वळवली आणि जुनी खाती बंद केली. आता कॅशबुकात चेक दिला की खर्च पडतो, पण बँकेत तो वटेपर्यंत पैसे तसेच पडून असतात, आणि मार्चमध्येच 23 बचत गटांना फिरत्या निधीचे 10-10 हजारांचे चेक दिलेले होते. आठवड्याभरात बायका चेक घेऊन परत, 'खाते बंद' असा मेमो लावलेला. एका गटानं शेळ्यांसाठी इसार दिला होता तो बुडाला. पैसे कुठं गेले नव्हते, नव्या खात्यातच होते, पण सहा योजनांचे पैसे व्याजासकट एकत्र झाल्यावर कुठला रुपया कशाचा हे लावायला चार महिने लागले. त्या बायकांना उत्तर द्यायला मी बसायचो, निरोप देणारे नाही.

म्हणून माझी सवय सांगतो. चेकची मुदत 3 महिने असते, तर जुनं खातं चार महिने चालू ठेवायचं, नवा चेक त्यावर काढायचा नाही. न वटलेल्या चेकची यादी हातानं लिहायची, शेजारी गटाच्या अध्यक्षांचा मोबाईल नंबर. कॉम्प्युटरवरची यादी पासबुकाशी एकेक ओळ टिक केल्याशिवाय मी धरत नाही. नवीन पोरांना हे वेळखाऊ वाटतं, वाटू दे.

दुसरी चूक, जीआर निघाला म्हणजे संस्था संपली असं समजणं. अहो डीआरडीए ही 1860 च्या संस्था नोंदणी कायद्याखाली नोंदलेली सोसायटी, ती विसर्जित करायला किमान तीन पंचमांश सभासदांचा ठराव लागतो, आणि सरकार सभासद असेल किंवा पैसे देत असेल तर सरकारची संमती पण लागते. महाराष्ट्रात अशी सोसायटी सार्वजनिक न्यास पण असते, म्हणजे धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज करायचा, तोही 90 दिवसांत. हे राहिलं की जागा, गाडी, कोर्टातल्या केसेस सगळं जुन्याच नावावर राहतं. नोटीस जुन्या पत्त्यावर जाते, तारखेला कोणीच उभं राहत नाही आणि एकतर्फी निकाल लागतो. मी ठरावाची प्रत, धर्मादायची पोच आणि केसेसची यादी एकाच फाईलला लावतो आणि ती फाईल चार्ज देताना हातात देतो, कपाटात ठेवून येत नाही.

टॅन, म्हणजे टीडीएस भरायचा ऑफिसचा नंबर, जुनाच वापरत राहू नका, कापलेला टीडीएस भलतीकडे दिसतो.

कंत्राटी लोकांच्या ऑर्डर आधी काढा. गावं त्यांनाच माहीत असतात, आणि दोन महिने पगार अडकला की ते सोडून जातात.

लाभार्थ्यांच्या याद्या एक्सेलमध्ये चिकटवून डुप्लिकेट उडवायचा शॉर्टकट तर अजिबात नको. 1 एप्रिल 1999 ला आयआरडीपी, ट्रायसेम, ड्वाक्रा वगैरे गावाकडच्या स्वयंरोजगाराचे सहा जुने कार्यक्रम मिळून स्वर्णजयंती योजना झाली, त्यामुळे जुन्या रेकॉर्डमध्ये एकच बाई दोन-तीन योजनांत सापडू शकते. आणि उलटंही होतं, एकाच गावात दोन 'सावित्री' गट खरोखर वेगवेगळे असतात आणि नाव सारखं म्हणून एक उडतो. यादी ग्रामसेवकाकडे न्या, गटाच्या बैठकीत वाचून दाखवा. आपला गट राहिला असेल तर बायका तिथंच सांगतात.